फलश्रुती नसलेली पोथी

आपल्याकडे वाचणाऱ्या माणसाला फार मान आहे, पण तो काय वाचतोय हे कळेपर्यंतच. पेपर उघडून बसलेल्या माणसाला घरात कोणी हलवत नाही. तो देशाची काळजी करत असतो. स्पर्धा परीक्षेचं गाईड वाचणाऱ्याला मागेल तेव्हा चहा मिळतो. पोथी वाचणाऱ्याचं तर विचारूच नका. त्या वेळी आलेला पाहुणासुद्धा चपला काढून गुपचूप कोपऱ्यात बसतो आणि फोन आला तर "वाचन चाललंय" असं दबक्या आवाजात सांगितलं जातं. कादंबरी वाचणारा मात्र घरातला सगळ्यात मोकळा माणूस. त्याच्या हातात पुस्तक दिसलं रे दिसलं की सगळ्यांना आपापली अडलेली कामं आठवतात. "नुसते वाचतच बसलायत ना, मग जरा सिलिंडर लावून द्या." "बाबा, काही करत नाहीयेस ना? मग माझी प्रिंट काढून आण." कथानकात खून होऊन चार पानं झालेली असतात, प्रेत अजून दिवाणखान्यातच पडलेलं असतं, आणि वाचक माळ्यावर चढून पुरणयंत्र शोधत असतो.

मी डोंबिवलीत राहतो, फोर्टातल्या एका विमा कचेरीत नोकरी करतो आणि कादंबऱ्या वाचतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल लोक सहानुभूती दाखवतात. तिसरी कळली की विचारतात, "पण त्यातून मिळतं काय?"

कादंबऱ्यांमध्येही सोवळं-ओवळं असतं. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, तेव्हापासून ती मराठी घरांतल्या काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत उभी आहे. शेजारी 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'पानिपत'. या कादंबऱ्या वाचताना कोणी टोकत नाही, कारण घरच्यांच्या लेखी तो इतिहास आहे, नाहीतर महाभारत आहे, म्हणजे अभ्यासच. लग्नामुंजीत, निरोप समारंभात आहेर म्हणून हीच पुस्तकं फिरतात, त्यामुळे आमच्याकडे 'मृत्युंजय'च्या प्रती कधी संपत नाहीत. मागच्या रांगेत, पाहुण्यांना दिसणार नाहीत असे, नारायण धारप आणि सुहास शिरवळकर. आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांनी जमवलेले बाबूराव अर्नाळकर. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, एका अख्ख्या पिढीला वाचायची चटक लावली, पण त्यांचे झुंजार आणि काळापहाड काही अजून माळ्यावरून खाली उतरलेले नाहीत. वडील अर्नाळकर वाचायचे ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून. शाळेत शिकत असताना नव्हे, शाळेत शिकवत असताना.

अशा परिस्थितीत कादंबरीवाल्याला वर्षभर निमित्तं शोधावी लागतात. त्याचं वर्ष पाडव्यालाच सुरू होतं, पण चैत्रातल्या नव्हे, दिवाळीतल्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला वर्षातून एकदा उघडपणे गोष्टी वाचायचा परवाना मिळाला. दिवाळी अंकात अख्खी कादंबरी छापलेली असली आणि ती तुम्ही भर सकाळी आरामखुर्चीत बसून वाचलीत तर तो सण असतो. तीच कादंबरी जानेवारीत पुस्तक होऊन आली आणि तुम्ही त्याच खुर्चीत बसून वाचलीत तर तो आळस.

अंक विकत घ्यायचे म्हटलं तर खिसा फाटतो, म्हणून आम्ही वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घालतो. वेगळी वर्गणी भरायची आणि एकेक अंक नेत पुढचे काही महिने शंभरेक अंक वाचून काढायचे, अशी ती योजना. कागदावर ती समाजवादी आहे, प्रत्यक्षात तिथे निवृत्तांचं राज्य आहे. दुपारी दार उघडायच्या आधीपासून ही मंडळी पायरीवर बसलेली असतात. नोकरदार माणूस रात्री आठला घाम पुसत पोचतो तेव्हा फळीवर ज्योतिष विशेषांक, मधुमेह विशेषांक आणि मायक्रोवेव्हमधल्या पाककृती उरलेल्या असतात. 'मौज'? बाहेर गेलाय. 'दीपावली'? आत्ताच गेला. 'हंस'? तो काकांकडे आहे. हे काका कोण, याचा शोध मी अजून घेतोय. प्रत्येक गाजलेला अंक कायम त्यांच्याकडे असतो.

असं करत करत 'मौज' माझ्या हाती येतो तो होळीच्या सुमाराला. बाहेर पुरणपोळ्या चाललेल्या आणि मी संपादकांच्या शुभ दीपावलीचा स्वीकार करतोय. पण उशिरा मिळालेल्या अंकाचीही एक गंमत असते. त्याच्यावर आधीच्या वाचकांच्या चिवड्यातल्या हळदीचे ठसे उमटलेले असतात. ते नीट पाहिले तर अंकाची समीक्षाच वाचायला मिळते. एखाद्या कथेत पहिल्या तीन पानांवर पिवळे अंगठे आणि पुढे कोरा करकरीत कागद. म्हणजे तिथे चिवडा तरी संपला, नाहीतर सहनशक्ती. उलट एखाद्या कथेत पाचव्या पानावर चकलीचा काटाच्या काटा चिकटलेला असतो, त्या वाचकाला खाल्लेलं तोंडात गेलं का मांडीवर सांडलं याचं भान राहिलेलं नसतं. ती कथा मी आधी वाचतो. आजवर फसलो नाही. 'आवाज'च्या खिडक्यांची मात्र होळीपर्यंत धडगत नसते. खिडकी उघडून आतलं चित्र पाहायचं असा तो चावट खेळ. पण आमच्यापर्यंत अंक येतो तेव्हा झडपा गळून पडलेल्या असतात आणि आतली बाई आधीपासूनच सगळ्यांसमोर असते.

डिसेंबर-जानेवारी हा लोकलमध्ये वाचायचा काळ. घाम कमी, पानं कोरडी. उभ्याने वाचणाऱ्याचे निकष कोणत्याही समीक्षकाने मांडलेले नाहीत, पण ते कडक आहेत. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान उलटायला फक्त अंगठा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची, अंगाने सडसडीत, गाडीत वाचायला तिच्यासारखी कादंबरी नाही. 'कोसला' जमते, फक्त मध्येच हसू येतं आणि समोरचा आपल्यालाच हसला असं समजतो. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांना लोकलमध्ये बंदी घालावी या मताचा मी आहे. कळव्याच्या वळणावर शेजाऱ्याच्या हातातलं 'पानिपत' डोक्यात पडलं तर ती आपल्या परीने तिसरी लढाईच असते.

माझ्या ग्रुपमधले एक गृहस्थ स्वतः पुस्तक बाळगत नाहीत. ते माझ्या खांद्यावरून वाचतात. वाचण्याची गती बेताची, त्यामुळे मी पान उलटायला गेलो की "हं... थांबा" असा आवाज मानेमागून येतो आणि मी थांबतो. एवढं जमलं तर ठीक होतं. पण ते दादरला उतरतात आणि मी पुढे सीएसएमटीपर्यंत जातो. परत येताना ते दादरला चढतात. म्हणजे दादर ते सीएसएमटी या टप्प्यात घडलेलं त्यांना काही केल्या कळत नाही. अशा रीतीने या माणसाने गेल्या काही वर्षांत मराठीतल्या कित्येक मान्यवर कादंबऱ्या ठिकठिकाणी भोकं पडलेल्या अवस्थेत वाचल्या आहेत. त्यांचं एकूण मराठी कादंबरीबद्दलचं मतही ठाम झालं आहे. "वातावरण छान उभं करतात हो," ते म्हणतात, "पण सलगता नाही. माणसं मध्येच कुठे जातात, कळत नाही."

फेब्रुवारीच्या २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी कचेरीत फलक लागतो, रांगोळी काढली जाते, चार वाजता कार्यक्रम असतो आणि आमचे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणतात, "तुम्ही वाचता ना? मग काहीतरी सुचवा. चांगलं. पण छोटं हवं. आणि शिकण्यासारखं काहीतरी असेल असं." मी सुचवतो, टाळ्या पडतात, साहेब नाव मोबाइलमध्ये लिहून घेतात. २८ तारखेला तेच पुस्तक माझ्या टेबलावर दिसलं की तेच साहेब त्याच्याकडे असं बघतात की मी ते मुकाट्याने खणात सरकवतो. पुढे मार्च. विमा कचेरीतला मार्च ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगायला नको आणि ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. त्या महिन्यात वाचायला काही वेळ मिळत नाही आणि वाचनालयही नेमकं त्याच सुमारास पुस्तकांची पडताळणी काढून 'सर्व पुस्तके त्वरित जमा करावीत' अशी पाटी लावतं. दोघांचंही ऑडिट एकाच वेळी.

मध्येच एखादा सिनेमा येतो आणि आमच्या शांत धंद्यात गर्दी करतो. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ची. वाचनालयातली तिची प्रत कपाटात निवांत झोपलेली असायची. २०२५च्या फेब्रुवारीत सिनेमा आला आणि तिच्यासाठी नंबर लागले. जन्मात वाचनालयाची पायरी न चढलेले लोक काउंटरवर विचारू लागले, "ती पुस्तकवाली 'छावा' आहे का?" 'दुनियादारी'चंही २०१३ साली असंच झालं होतं. शिरवळकरांना मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आणायला सिनेमाच लागला.

मे महिना लग्नांचा. लग्नात कादंबरी नेऊ नये असं शास्त्र आहे, पण मुहूर्त आणि पंगत यांच्यामध्ये जो काळ असतो तो शास्त्रकारांनी बहुधा बसून अनुभवलेला नाही. झब्ब्याचा खिसा खोल असतो हा त्याचा खरा उपयोग. बायकोला ते आवडत नाही. तिचं म्हणणं, "निदान बाहेर काढताना इकडेतिकडे बघत जा, मागच्या वेळी लोकांना वाटलं तुम्ही आहेराचं पाकीट परत घेताय."

लग्नं आटोपली की कोकण. आमचं जायचं ठरतं ते गुहागरला, पण मी त्यात श्री. ना. पेंडसे घुसवतो. पेंडसे नोकरी करायचे मुंबईत, 'बेस्ट'मध्ये, आणि लिहायचे ते हर्णै-दापोली-खेडच्या मातीतलं. मुंबईच्या नोकरदाराला असा माणूस देवासारखाच वाटणार. 'तुंबाडचे खोत' ही त्यांची १९८७ची दोन खंडांची कादंबरी, त्यात खोतांच्या पिढ्यान्पिढ्या जगबुडी नदीच्या काठाने जगतात, भांडतात, बुडतात. मुंबई-गोवा हायवेवर खेडजवळ, भरण्याला, ही जगबुडी आडवी येते. गेल्या मे महिन्यात मी ड्रायव्हरला पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, "बघा. हीच ती जगबुडी."

भर दुपार. पाणी बेताचंच. ट्रक जाताना पूल हादरत होता.

"कोण राहतं इथे आपलं?" बायकोने विचारलं.

"आपलं कोणी नाही. खोत."

"कुठले खोत?"

"तुंबाडचे."

"बाबा, 'तुंबाड' मी पाहिलाय," मुलगी म्हणाली, "हस्तर आहे ना त्यात?" २०१८चा तो सिनेमा भुताचा आणि सोन्याचा, त्याचं मूळ धारपांच्या वळणाचं, आणि हे तुंबाड वेगळं, पेंडशांचं, हे मी रस्त्याच्या कडेला उभं राहून समजावत होतो. ड्रायव्हर लक्ष देऊन ऐकत होता. त्याला वाटलं जमिनीचा वाद आहे.

आई मात्र गाडीतून उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिचं माहेर याच भागातलं. बराच वेळ पाण्याकडे बघून ती म्हणाली, "ह्या नदीत आमच्या काकांची म्हैस वाहून गेली. पहिलारू होती." त्यावर सगळ्यांनी खूप हळहळ व्यक्त केली. बायकोने विचारलं, सापडली का? मुलीने विचारलं, तिचं नाव काय होतं? खोतांच्या चार पिढ्यांना जे जमलं नाही ते एका म्हशीने केलं. पुढच्या खेपेला आता महाबळेश्वर ठरवणार आहे. घरच्यांना स्ट्रॉबेरी, आणि मला शेजारचं भिलार, जिथे २०१७पासून गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत. लोकांच्या घरात जाऊन दिवसभर कादंबरी वाचत बसावं आणि घरच्यांनी सिलिंडर लावायला सांगू नये, अशी जागा या राज्यात सरकारी योजनेतून निघाली आहे यावर माझा अजूनही नीटसा विश्वास बसलेला नाही.

पावसाळा हा खरा आमचा हंगाम. २६ जुलैच्या पुरासारखे दिवस सोडून द्या, त्यात विनोदाला जागा नाही. पण एरवी दर पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी गाडी कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये थांबते. डब्यात आधी चुळबूळ, मग फोनाफोनी, मग शिव्या, मग भजन. या सगळ्यात एक माणूस मनातल्या मनात म्हणत असतो, हे प्रकरण संपेपर्यंत तरी सुटू नको बाई. अशाच एका संध्याकाळी खांद्यामागच्या गृहस्थांना पहिल्यांदाच एक प्रकरण अथपासून इतिपर्यंत वाचायला मिळालं. गाडी सुटली तेव्हा ते म्हणाले, "आज लेखक रंगात आलाय."

पावसात वाचनालयाची पुस्तकं ओलसर वासाची होतात आणि त्यांच्यावरची पेन्सिल गडद दिसू लागते. या पेन्सिलवाल्यांविषयी मला बोललंच पाहिजे. वाचनालयाच्या प्रत्येक कादंबरीत लेखक एक असतो आणि पेन्सिलवाले पाच-सहा. एक जण शुद्धलेखन तपासतो. त्याने 'आणि'चा ण पुस्तकभर दुरुस्त केलेला असतो. एक नीतिमान असतो, नायिका नायकाला एकटी भेटायला गेली की समासात 'आईवडील कुठे आहेत?' एक व्यवहारी, 'त्या काळी भाडे एवढे नव्हते.' सर्वांत दुष्ट तो, जो रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर 'मामा' एवढाच शब्द लिहून ठेवतो. अशा एका 'मामा'खाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'आभारी आहे, दोन दिवस वाचले' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. वाचनालयाचा 'पुस्तकावर लिहू नये' असा जांभळा शिक्का असतो. त्याच्या शेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'सहमत'. माझं मत विचाराल तर अशा लोकांची अनामत जप्त करावी.

मग श्रावण येतो आणि घरातला वाचनाचा अधिकार आईकडे जातो. ती नवनाथ भक्तिसार लावते. चाळीस अध्याय. सकाळी अंघोळ करून, पाट मांडून, समई लावून ती बसली की घरातली मिक्सरपासून मुलीच्या इअरफोनपर्यंत सगळी यंत्रं थांबतात. दारावरची बेल वाजली की मीच धावत जाऊन दार उघडतो, ती दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून. गेल्या श्रावणात मात्र मी पोटात ठेवलेलं बोलून गेलो.

"आई, मच्छिंद्रनाथ जन्मतो माशाच्या पोटात. गोरखनाथ निघतो उकिरड्यातून. यापुढे धारप काहीच नाहीत. मग तू वाचतेस ते वाचन आणि मी वाचतो तो टाइमपास, असं कसं?"

आईने पोथीला नमस्कार केला, ती रुमालात बांधली आणि मग म्हणाली, "त्याला फळ आहे. चाळिसाव्यात दिलंय. कुठल्या अध्यायाने काय मिळतं, सगळं लिहिलंय. तुझ्या कादंबरीला काय फळ आहे?"

मी राजवाड्यांना मध्ये आणलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, एवढा मोठा माणूस, त्यांनी १९०२ साली कादंबरीवर लांबलचक निबंध लिहिला, म्हणजे त्यांनी कादंबऱ्या वाचल्याच असतील ना?

"निबंध लिहिला ना?" आई म्हणाली. "मग तूही लिही. नुसतं वाचून थांबू नको."

त्या रात्री मी पडल्या पडल्या फलश्रुतीचा विचार केला. खरोखरच आमच्या लेखकांनी हे काम राहू दिलं. 'पानिपत' वाचणारा संक्रांतीला तिळगूळ घेताना गप्प होतो, कारण १७६१ सालची १४ जानेवारी त्याच्या डोक्यातून जात नाही. 'कोसला' वाचणाऱ्या मुलाचे वडील चिंतेत पडतात. 'ययाति' वाचणाऱ्याला वाढदिवशी मुलगा प्रेमाने जवळ आला की मुलाचीच काळजी वाटते. 'दुनियादारी' वाचणारा कॉलेजच्या जुन्या मित्राला फोन करतो आणि मित्र त्याला पॉलिसी विकतो. (हा मित्र बऱ्याचदा मीच असतो.) धनधान्य, संतती, शत्रुनाश यांपैकी काहीच कुठे निष्पन्न होत नाही.

सकाळी मी जाहीर केलं की मीही सप्ताह करणार. 'तुंबाडचे खोत', दोन्ही खंड, सात दिवस. रोज अंघोळीनंतर बैठक, मध्ये कोणी उठवायचं नाही. बायकोने हरकत घेतली नाही. तिने एवढंच विचारलं, की मग सप्ताहाला उपास धरणार का, आणि नैवेद्य काय. मी म्हटलं, कोकणातली कादंबरी आहे, घावन चालतील. त्यावर ती म्हणाली, घावन खाऊन वाचायचं असेल तर तो सप्ताह नाही, रविवार. तरी मला पाट मिळाला. समई मिळाली नाही. पहिल्या दिवशी मी चांगली मजल मारली. दुसऱ्या दिवशी सोसायटीची पाण्याची टाकी धुवायला माणसं आली आणि सेक्रेटरींनी खालून हाक मारली, "अहो, जरा या. तुम्ही आज घरीच आहात ना, नुसते?" सप्ताह तिथेच मोडला.

पाटावर उघडा राहिलेला पहिला खंड संध्याकाळी सापडेना. तो आईच्या उशाशी निघाला.

"एवढी जाड कसली पोथी म्हणून बघितली," ती म्हणाली. "आमच्याकडची नदी आहे म्हणालास ना?"

"हो."

"म्हैस आहे का त्यात?"

मी सांगितलं, वाचून बघ.

गणपतीत आमच्याकडे माणसांची ये-जा असते, आरत्या असतात, मोदक असतात; त्या धामधुमीत कादंबरी वाचणारा मनुष्य आमच्या घरात निर्माण होईल असं मला वाटलं नव्हतं. आई उकडीच्या मोदकांवर झाकण ठेवून बाजूच्या स्टुलावर बसायची आणि वाचायची. तिची पद्धत पोथीची. ओळीखालून बोट, ओठ हलताहेत, आणि प्रकरण संपलं की पुस्तकाला नमस्कार. फक्त मध्ये मध्ये "अरे मेल्या" असं निघायचं, ते पोथीत नसतं. हाक मारली तर डोळ्यांनीच थांबायला सांगायची. मुदत संपली म्हणून मी दोनदा वाचनालयात जाऊन तारीख वाढवून आणली. त्या काळात मला स्वतःला वाचायला काहीच नव्हतं, मी मधुमेह विशेषांक वाचत होतो.

पितृपंधरवड्यात तिने दुसरा खंड काढला. बायको म्हणाली, "आई, हे दिवस असले, आणि तुम्ही कादंबरी?" आई म्हणाली, "मग काय झालं, यातही पिढ्याच मरताहेत." त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही खंड रुमालात बांधून माझ्या हातात दिले, त्यांना नमस्कार केला आणि घरात तुरीची डाळ किती उरलीय ते बघायला उठली. फळ काय मिळालं हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पुस्तकं परत करायला वाचनालयात गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी नेहमीसारखी पानं फिरवून पाहिली आणि मधेच थांबल्या. पहिल्या खंडात पुराच्या एका प्रसंगापाशी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाणी असं चढत नाही. आधी वास येतो.' अक्षर गोल, जुन्या वळणाचं, वर एकेक शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. मी ते अक्षर रोज किराण्याच्या यादीवर बघतो. पुढे एका खोतासमोर, 'हा सुधारायचा नाही.' आणि वीस पानांनी, 'म्हटलं होतं.' दुसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर, मजकूर संपतो त्याच्याखाली, कोऱ्या जागेत नीट मध्यभागी: 'सात दिवसांत होत नाही. पंधरवडा धरावा. म्हैस नाही.'

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी लिहिलंय?"

"आधीचं असेल," मी म्हणालो.

त्यांनी खणातून खोडरबर काढलं. शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं.

"पंधरवडा?" त्या म्हणाल्या. "मला महिना लागला होता." आणि खोडरबर परत खणात टाकून त्यांनी तारखेचा शिक्का मारला.